घासलेला पृथ्वीगोल

मॅडम नमस्कार घेताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, हातांकडे बघायच्या. नखात खडू आहे का, बोटाला शाई लागलीय का, हे तपासून झालं की मग तोंड. “तोंड सगळ्यांचंच तयार असतं,” असं त्या म्हणायच्या. त्यामुळे त्यांच्या प्रशिक्षणाला येणारे काही शिक्षक गेटजवळ उभे राहून बोटांना खडू फासायचे, आणि मॅडम तेही ओळखायच्या. वर्गातला खडू अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना लागतो. गेटवरचा खडू तळहातभर असतो.

आमच्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देणं हे त्यांचं काम. त्या वर्षी वरून आदेश आला की मुलांना जागतिक नागरिक करायचं आहे. म्हणजे आमच्या वर्गातल्या पोरांना साऱ्या जगाबद्दल आपलेपणा वाटला पाहिजे आणि तो कसा वाटवायचा हे आधी शिक्षकांना शिकवलं पाहिजे. जगावर विश्वास ठेवायला शिकवण्याचं हे काम जिल्ह्यातल्या सगळ्यांत संशयी बाईकडे सोपवावं, ही अक्कल कुणाची होती कोण जाणे. ज्या बाई शिक्षण खात्याच्याच आवारात, खात्याचा पहारेकरी समोर बसलेला असताना, आपली स्कूटर साखळीनं लिंबाच्या झाडाला बांधायच्या, त्यांनी आम्हाला विश्वबंधुत्व शिकवायचं!

पहिल्या दिवशी आम्ही शहागंजजवळच्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये जमलो होतो. मी मागच्या रांगेत बसलो. शेजारी एक बाई होत्या, शहरातल्या सगळ्या स्कूटरवाल्या बांधतात तसा स्कार्फ तोंडाला घट्ट बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. ऊन लागलं असेल असं समजून मी लक्ष दिलं नाही. पलीकडे खुलताबादकडच्या एका शाळेतले माझे एक जुने मित्र होते. त्यांना मी मॅडमबद्दल जे ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. ही बाई वरच्यांची माणूस आहे, प्रशिक्षण हे नुसतं निमित्त आहे, कोण काय बोलतो ते साहेबांना कळवते, घरी कुणी नाही, नवऱ्यानं सोडली म्हणतात, नाय तर हिनंच सोडला असेल. मित्र म्हणाले, “व्हय, मीबी तेच ऐकलंय.” तेवढ्यात शेजारच्या बाई उठल्या, स्कार्फ सोडत सोडत पुढे गेल्या आणि फळ्याजवळ उभ्या राहिल्या.

“मागच्या रांगेत माझ्याबद्दल बरीच माहिती मिळाली,” त्या म्हणाल्या. “त्यातली निम्मी मलाही नवीन होती.”

कुणी तरी हसलं आणि सवयीनं टाळ्या सुरू केल्या. मॅडमनी हात वर केला. टाळ्या बंद. आमच्या प्रशिक्षणांत टाळ्यांशिवाय पान हलत नाही. पावसाची टाळी, रेल्वेची टाळी, फुलबाजीची टाळी असे टाळ्यांचे प्रकार असतात आणि पन्नाशीचे गुरुजीसुद्धा ते इमानेइतबारे वाजवतात. मॅडमच्या हॉलमध्ये एकही टाळी वाजायची नाही. पटलं नसताना वाजवलेली टाळी आपल्याला कानात टोचते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते. त्यामुळे की काय, त्यांच्या शुद्ध मराठीत मधूनच एखादा कचेरीतला शब्द यायचा. कुणी आपल्या शाळेतल्या उपक्रमाबद्दल सांगायला लागलं की त्या म्हणायच्या, “हकीकत सांगा. कहाणी नको.” आणि सांगून झालं की ठरलेले दोन शब्द, “असेल. बघू.” आपण आईशपथ घेऊन काही सांगावं आणि समोरच्यानं “असेल, बघू” म्हणावं, यानं माणूस किती चिडतो ते सोसल्याशिवाय कळत नाही. मी तर जाम चिडायचो.

आम्हाला गट करून दिले आणि ‘जग हे एक घर’ या विषयावर तक्ते काढायला सांगितले. सगळ्या गटांनी एकच चित्र काढलं. मधे पृथ्वी, तिच्याभोवती हातात हात धरलेली पोरं, कोपऱ्यात पांढरं कबुतर. मॅडम तक्त्यांवरून फिरत फिरत आमच्यापाशी आल्या आणि त्या पोरांवर बोट ठेवून म्हणाल्या, “यांतलं तुमच्या वर्गातलं कोण?” आम्ही चित्र पुन्हा बघितलं. पिवळे केस काढले होते, टोप्या काढल्या होत्या, एकाला तर बर्फातलं घर दिलं होतं. दौलताबादच्या किल्ल्याखालच्या आमच्या शाळेतलं एकही पोर त्यात नव्हतं.

“म्हणजे हे जग तुमच्या वर्गाला वगळून आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी तक्ता गुंडाळून परत दिला. मला त्यांचा राग आला आणि त्या रागात त्यांचं बोलणं खरं आहे हेही कळलं, म्हणून जास्तच राग आला.

चहाच्या सुट्टीत त्या आमच्यात थांबत नसत. स्वतःचा स्टीलचा पेला पर्समधून काढून चहा घ्यायच्या आणि हॉलच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात फोनवर बोलायच्या. रोज त्याच वेळेला. आमची खात्रीच झाली की हा अहवाल चालला आहे. एकदा हात धुवायचं निमित्त करून मी नळापाशी उभा राहिलो. मला एकच वाक्य ऐकू आलं. “संध्याकाळ झाली का?” बाहेर सकाळचं रणरणतं ऊन होतं. मी धावत येऊन मित्रांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि ते म्हणाले, “खुणेचा शब्द असंल. संध्याकाळ म्हंजी काम झालं का. सावध रहा, गड्या.” आणि आम्ही सावध राहिलो. मी तर त्या दिवसापासून हॉलमध्ये मराठीतसुद्धा मोजून बोलायला लागलो.

प्रशिक्षण संपताना मॅडमनी एकच सांगितलं. “पुढच्या वेळी येताना प्रत्येकानं शाळेचा पृथ्वीगोल आणायचा.”

हे ऐकून सगळ्यांचे चेहरे पडले. त्याचं कारण शाळेत काम केलेल्या माणसालाच कळेल. पृथ्वीगोल ही आमच्या शाळांत वापरायची वस्तू नसते, ती जपायची वस्तू असते. तिची जडसंग्रहात, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या वहीत, नोंद असते. बदली झाली की नव्या मुख्याध्यापकाला ती जशीच्या तशी सोपवावी लागते, फुटली तर जबाब द्यावा लागतो. म्हणून ती आल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटात, कुलपाखाली राहते. पोरांना वर्षातून एकदा लांबून दर्शन. आमच्या शाळेचा गोल तेवढा उघडा होता आणि त्याचं श्रेय माझ्याकडे नाही. त्याची पिशवी उंदरांनी खाल्ली होती. एकदा उघडा पडलाच आहे म्हणून मी तो वर्गात न्यायला लागलो, आणि मग ती सवयच पडली.

मॅडम पुढे म्हणाल्या, “वापरलेला गोल मला ओळखू येतो. पोरं आधी स्वतःचा देश शोधतात. रोज बोट लागून लागून तिथला रंग उडतो. ज्या गोलावर भारत कोरा करकरीत आहे, तो गोल कपाटातला.”

एवढं सांगून ठेवल्यावर आमची शिक्षकमंडळी काय करणार? पुढच्या बैठकीला टेबलावर पृथ्वीगोलांची रांग लागली आणि एकजात सगळ्यांवरचा भारत गायब! कुणी ओल्या फडक्यानं घासला होता, कुणी पॉलिश पेपर मारला होता. माझ्या खुलताबादच्या मित्रांनी बायकोचं नेलपॉलिश काढायचं औषध वापरलं होतं. त्यात श्रीलंकाही गेली होती. मॅडमनी त्यांचा गोल नाकापाशी नेला, वास घेतला आणि काही न बोलता खाली ठेवला. मित्रांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

मी मात्र निर्धास्त होतो. माझा गोल खरा होता. मॅडमनी तो हातात घेतला, भारतावरून अंगठा फिरवला, कडेनं फिकट होत गेलेला रंग उजेडात धरून पाहिला. मला वाटलं, आता तरी ही बाई चांगलं बोलेल. त्यांनी गोल थोडा फिरवला आणि थांबल्या. अरबस्तानच्या अंगावर, लाल समुद्राच्या काठाला, आणखी एक पांढरा डाग होता. तिथला रंग पार उडून आतला कागद दिसत होता.

“हे काय?”

मी तो डाग कधी पाहिलाच नव्हता. “माहीत नाही,” मी म्हणालो.

“इतरांनी एकच जागा घासली,” मॅडम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “तुम्ही दोन घासल्या. म्हणजे तुम्ही जास्त हुशार.”

“मॅडम, मी नाही घासलं. पोरांची बोटं लागलीत.”

“असेल. बघू. मी एक दिवस शाळेत येईन. कधी ते सांगणार नाही. खरं असेल तर तसं लिहीन. पोरांना शिकवून ठेवलेलं दिसलं तर तेही लिहीन. मग कारणे दाखवा नोटीस निघेल, तिला उत्तर द्या.”

नोकरीत मला तोवर नोटीस सोडा, साधा मेमोही आला नव्हता. सेवापुस्तिकेत एकदा बनवाबनवीचा शेरा बसला की तो निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. आणि दुखत होतं ते वेगळंच. हॉलमधल्या सगळ्या खोट्या गोलांना सोडून बाईनं पकडला तो एकुलता एक खरा गोल. परत येताना तो गोल मोटरसायकलवर पोटाशी धरून मी तिला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात चोरावर नजर ठेवावी तशी पोरांवर नजर ठेवायला लागलो. कुणाचं बोट तिथं जातं? मी बघत असलो की कुणाचंच जायचं नाही. विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायचे. आपल्याच पोरांवर संशय घ्यायला लागल्यावर वर्गातली मजाच गेली. गोल आणून ठेवायचं काम नगमा नावाची पाचवीतली मुलगी करायची. तीही आता तो टेबलावर ठेवून झटकन जागेवर जाऊन बसायची. मला वाटलं, पोरं मला घाबरली.

आमचे हेडसर भले माणूस, पण त्यांच्या भलेपणाची भीती वाटावी असे. मी हताश झालेला त्यांना बघवेना. एक दिवस मी रजेवर असताना त्यांनी माझा वर्ग घेतला आणि मला न सांगता सगळी व्यवस्था करून टाकली. मला हे कळलं ते मॅडम आल्या त्या सकाळी. त्या आल्या, स्कूटर झेंड्याच्या खांबाला साखळीनं बांधली, स्कार्फ सोडला, पोरांच्या हातांकडे बघत वर्गात शिरल्या आणि गोलावरच्या त्या डागावर बोट ठेवून विचारलं, “मुलांनो, इथं काय आहे?”

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “इथून पेट्रोल येतं, मॅडम! आपण सारे जगाचे नागरिक आहोत!”

दारात उभे असलेले हेडसर समाधानानं हसले. मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरजच नव्हती, माझा निकाल लागला होता. मी हेडसरांना म्हणालो, “सर, हे काय केलं तुम्ही?” ते कुजबुजले, “आरं, तुज्यासाठीच केलं. चांगलं म्हन्ले ना पोरं?”

मॅडम मात्र गेल्या नाहीत. त्या वर्गात हळूहळू फिरत होत्या, बाकांवर ठेवलेल्या हातांकडे बघत. नगमाच्या बाकापाशी त्या थांबल्या. सगळा वर्ग ओरडला तेव्हा ही एकटी ओरडली नव्हती, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्या आलं होतं. तिचे दोन्ही हात बाकाखाली होते.

“तू का नाही बोललीस?”

नगमानं हात आणखी आत ओढले.

“गोल तू आणतेस ना रोज? कपाटापासून इथपर्यंत कसा धरून आणतेस, दाखव.”

तिनं उठून गोल उचलला. पोटाशी धरला. उजवा अंगठा बरोबर त्या डागावर बसला. तिच्या लक्षात आलं आणि तिनं अंगठा ओढून घेतला. पण तेवढं पुरे होतं.

“इथं काय आहे?” मॅडमनी पुन्हा विचारलं, आवाज जरा खाली आणून.

नगमानं मान वर केली. ती मॅडमकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर मला ओळखीची वाटली. ती मॅडमचीच होती. “तुमको कायको बताऊं?” ती म्हणाली. “तुमी सगळ्यांला सांगता. फिर सब पूछते.”

हेडसर “ए पोरी!” म्हणत पुढे झाले. मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“बरोबर आहे,” मॅडम म्हणाल्या. “मी कोण ते तुला माहीत नाही. तू का सांगावं?”

“पहले तुमी सांगा. तुमारा कौन है बाहर?”

मॅडम त्या लहानशा बाकावर नगमाच्या शेजारी बसल्या, साडी सावरून, गुडघे बाहेर काढून. त्यांनी गोल मांडीवर घेतला आणि उलटा केला. पार खालच्या टोकाला, जिथं आम्ही कधी शिकवतानाही जात नाही, न्यूझीलंडच्या त्या दोन पट्ट्यांवर त्यांनी बोट ठेवलं. शोधावं लागलं नाही. बोट सरळ तिथंच गेलं.

“इथं माझी मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. “आत्ता तिच्याकडे संध्याकाळ झाली असेल. कामावरून घरी येते तेव्हा आमचं बोलणं होतं.”

नळापाशी कान देऊन उभा असलेला मी मला आठवलो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“कब आती वो?” नगमानं विचारलं.

“माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हेच विचारतात, परत कधी येणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.”

नगमानं गोल आपल्या मांडीवर ओढला, सरळ केला आणि अंगठा त्या पांढऱ्या डागावर ठेवला.

“अब्बा,” ती म्हणाली. “जेद्दा में गाडी चलाते. मेरे को बी नई मालूम.”

हेडसर चष्मा पुसायला लागले. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, कारण हे सगळं माझ्या वर्गात रोज माझ्यासमोरून चालत येत होतं आणि मी तक्त्यावर कबुतरं काढत होतो.

मग मॅडमच्या मनात पुन्हा काहीतरी आलं. सवय जाते कुठं! डोळे बारीक करून त्यांनी नगमाला विचारलं, “तुला सरांनी हे सांगायला सांगितलं का?”

नगमाला हसू आलं. “सरांला कुठं माहितीय?” ती म्हणाली. “सरां कब्बी पूछे बी नई.”

एवढं बोलून तिनं मला वाचवलं, आणि एवढं बोलून पार झोपवलंही. मॅडम उठल्या. स्कार्फ बांधत दारापर्यंत आल्या, माझ्यासमोर थांबल्या. माझे हात बघितले. मग तोंड बघितलं.

“असेल,” त्या म्हणाल्या.

मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. तो आला नाही. त्यांनी साखळी सोडली, स्कूटर चालू केली आणि किल्ल्याच्या रस्त्यानं निघून गेल्या. नोटीस आली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ घ्यायचं ठरत होतं, पण टाळ्या वाजवायच्या नाहीत तर समारंभ करायचा कसा, हे कुणाला कळेना, आणि तो राहूनच गेला. पुढे त्यांच्याबद्दल बरंच ऐकलं. त्या मुलीकडे गेल्या म्हणतात. नाही, मुलगीच आली म्हणतात. सिडकोतल्या त्यांच्या फ्लॅटला कुलूप असतं असं एक जण सांगतो, तर दुसरा म्हणतो मागच्याच आठवड्यात भाजी घेताना दिसल्या. माझे खुलताबादचे मित्र तर छातीठोकपणे सांगतात. मी त्यातलं काही खरं मानत नाही. ही सवय मला त्यांच्याकडूनच लागली.

नगमा हायस्कूलला गेली. तिचे अब्बा एका ईदला येऊन गेले, आणि पुन्हा गेले.

मध्यंतरी शहरातून एक नवे प्रशिक्षक शाळेत आले होते. तरुण, हसतमुख, गोड बोलणारे. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी सरळ तोंडाकडे बघितलं. पोरांकडून त्यांनी पावसाची टाळी वाजवून घेतली, गोल एकदा गरकन फिरवला, त्याच्यासोबत सगळ्यांचा फोटो काढला आणि “फार सुंदर उपक्रम, सर!” असं म्हणाले. मी वाट बघत होतो की ते कशाबद्दल तरी विचारतील, हा रंग कसा उडाला एवढं तरी. निदान माझ्यावर संशय घेतील. पण त्यांना सगळंच पटलं होतं. दुसऱ्या शाळेत जायचं होतं म्हणून ते लगेच निघाले.

ते गेल्यावर लहान सुट्टीची घंटा झाली. मॅडमना जन्मात न पाहिलेली चौथीतली एक पोरगी टेबलापाशी आली, तिनं गोल दोन्ही हातांनी उचलून उलटा केला आणि पार खाली, जिथं आता तिसरा पांढरा डाग पडला आहे, तिथं बोट ठेवलं.

“सर,” ती म्हणाली, “मॅडमच्या पोरीकडं संध्याकाळ झाली असंल ना आता?”

“झाली असेल,” मी म्हणालो.

“मग आली का ती परत?”

बाहेर पोरांचा दंगा चालला होता. मी तिच्या शेजारी खाली बसलो आणि खरं होतं ते सांगितलं, की मला माहीत नाही.